‘आसमंत’ म्हणजे नेमके काय? परिसरवाचक शब्दाचा अर्थ आणि उगम शोधण्याची रीत

शंखनादाने आसमंत दुमदुमला, पहिल्या पावसाने आसमंत दरवळला, आतषबाजीने आसमंत उजळून निघाला, अशी वाक्ये मराठीत सतत लिहिली जातात. मात्र या शब्दाचा अर्थ विचारला की कोणी आकाश सांगतो, कोणी परिसर, तर कोणी वातावरण. तिघेही मराठी उत्तम जाणणारे असतात आणि तिघांनाही आपला अर्थ वाक्यात चपखल बसताना दिसतो. अशा वेळी नुसत्या कानावर विसंबून निर्णय होत नाही. शब्दाचा अर्थ आणि उगम शोधण्याची एक रीत आहे, ती भाषाशास्त्राची पदवी नसलेल्या वाचकालाही घरी बसून वापरता येते, आणि तिला लागणारी बहुतेक साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ती रीत ‘आसमंत’ या एकाच शब्दावर इथे पूर्ण चालवून दाखवली आहे. आपल्या भोवतीच्या जागेला नाव देणारा दुसरा कोणताही शब्द घेतला तरी याच वाटेने जाता येईल.

कोश उघडण्याआधी वाक्ये गोळा करावीत

पहिले काम कोश उघडण्याचे नव्हे. कोशातला अर्थ आधी वाचला की पुढे प्रत्येक वाक्यात तोच दिसू लागतो. म्हणून प्रथम तो शब्द असलेली वाक्ये वर्तमानपत्रे, जुनी पुस्तके, प्रवासवर्णने आणि मासिके यांतून उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्याजवळ तीन गोष्टी टिपाव्यात: शब्दाला कोणता विभक्तिप्रत्यय लागला आहे, त्याच्या मागे षष्ठी आहे का, आणि वाक्याचे क्रियापद कोणते आहे.

‘आसमंत’ची वाक्ये अशी मांडली की क्रियापदांची एक जात डोळ्यांत भरते. दुमदुमणे, निनादणे, घुमणे, दरवळणे, भारून जाणे, उजळणे ही सगळी क्रियापदे एका बिंदूपासून चहूकडे पसरणाऱ्या गोष्टींची आहेत. नाद, गंध आणि प्रकाश तिन्ही तसेच वागतात. दुसरीकडे ‘किल्ल्याच्या आसमंतातील खेडी’ किंवा ‘देवळाच्या आसमंतात’ अशी षष्ठी मागे असलेली वाक्येही सापडतात, आणि त्यांत आकाशाचा संबंध जोडताच येत नाही. खेडी आकाशात नसतात. ‘आसमंतात ढग दाटून आले’ अशी वाक्ये मात्र वेगळ्या पानावर ठेवावीत, कारण वाद त्यांच्याबद्दलच आहे.

प्रत्ययांच्या रकान्यात आणखी एक गोष्ट दिसेल. ‘आसमंतात’ हे रूप पावलोपावली भेटते; ‘आसमंताला’, ‘आसमंताने’, ‘आसमंताहून’ ही रूपे त्या मानाने फार थोडी. स्थळवाचक नामाला सप्तमी अधिक लागते हे खरे असले, तरी एखादे नाम एकाच रूपात इतके अडकून बसले असेल तर ते रूप आधीचे आणि नाम नंतरचे असण्याची शक्यता मनात धरून पुढे जावे. उगम शोधताना अशा खुणा अर्थापेक्षा अधिक बोलतात.

कोश कोणते आणि ते कसे वाचावेत

एका कोशावर कधीही थांबू नये. मराठीसाठी किमान तीन काळांचे कोश पाहावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. एकोणिसाव्या शतकात शब्द कसा वापरात होता हे त्यातून कळते. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला आणि १९५० मध्ये त्याची पुरवणी निघाली. जुन्या ग्रंथांतील उताऱ्यांसाठी त्याला तोड नाही. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा आहे आणि तो केवळ उगमासाठीच रचलेला आहे. शब्द फारसी असल्याचा संशय असेल तर माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’, आणि शब्द यादवकाळापर्यंत मागे जातो का हे पाहायचे असेल तर शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश पाहावा. संस्कृत बाजूसाठी वामन शिवराम आपटे आणि मोनियर विल्यम्स यांचे कोश आहेत. यांतील बरेचसे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात, तर मोनियर विल्यम्सचा कोश जर्मनीतील कोलोन विद्यापीठाने जालावर आणलेला आहे.

शोधताना लेखनपद्धतीची आठवण ठेवावी लागते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या कोशांत गांव, नांव, भोंवता अशी रूपे आहेत, त्यामुळे ‘भोवता’ असे टाइप केले की काहीच सापडत नाही आणि शब्द कोशात नाही असा गैरसमज होतो. ‘आसमंत’ शोधताना ‘आसमंतात’ आणि पाय मोडलेले ‘आसमंतात्’ ही दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधावीत. तो पाय मोडलेला ‘त्’ या संपूर्ण शोधातला सर्वांत मोलाचा धागा आहे.

नोंद सापडली की अर्थाकडे धावण्याआधी तिच्यातील संक्षेप वाचावेत. मोल्सवर्थ संस्कृतासाठी, फारसीसाठी, अरबीसाठी वेगवेगळी रोमन अक्षरे देतो. दाते-कर्वे चौकटी कंसात सं., फा., अर. असे लिहितात. त्याच नोंदीत शब्द नाम म्हणून दिला आहे की अव्यय किंवा क्रियाविशेषण म्हणून, तेही नीट पाहावे. कंसातील ‘सं.’ वाचून शोध संपला असे मात्र समजू नये. शब्द संस्कृतातून आला एवढेच त्याने कळते. कोणत्या रूपातून आणि कोणत्या वाटेने आला हे आपल्यालाच काढायचे असते.

शब्दाची फोड

‘आसमंत’ची फोड ‘आ’ आणि ‘समन्त’ अशी होते. ‘समन्त’ हा शब्द पुन्हा ‘सम्’ आणि ‘अन्त’ यांचा आहे: ज्याच्या कडा एकमेकांना येऊन मिळतात ते. कडा जुळल्या की वर्तुळ पुरे होते, म्हणून ‘समन्त’ला ‘सर्व बाजूंचा, लागून असलेला’ हा अर्थ आला. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील तिसावा श्लोक पुष्कळ मराठी घरांत पाठ असतो: ‘लेलिह्यसे ग्रसमानः समन्तात्’. विश्वरूप सर्व बाजूंनी लोकांना गिळत आहे, असे अर्जुन तिथे म्हणतो. सहाव्या अध्यायात ‘विनियम्य समन्ततः’ आले आहे, तेही ‘सर्व बाजूंनी आवरून’ याच अर्थाने. अमरकोश तर समानार्थी शब्दांची ओळच देतो: ‘समन्ततस्तु परितः सर्वतो विष्वगित्यपि’.

जागेच्या अर्थाने हा शब्द किती जुना आहे हे महाभारतात दिसते. कुरुक्षेत्राचे एक नाव ‘समन्तपंचक’ आहे. परशुरामाने केलेल्या पाच डोहांच्या सभोवतालचा प्रदेश तो समन्तपंचक, अशी कथा आदिपर्वात सांगितली आहे. मध्यभागी काहीतरी आहे आणि त्याच्या चहूबाजूंचा मुलूख आपण नावाने ओळखतो, ही ‘आसमंत’ शब्दातील कल्पना तिथे जशीच्या तशी आहे.

आता राहिला ‘आ’. इथे दोन शक्यता समोर येतात आणि दोन्ही तपासून पाहाव्यात. मराठीत आजन्म, आमरण, आबालवृद्ध, आसेतुहिमाचल असे शब्द आहेत, त्यांत ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’ किंवा ‘पासून’. पाणिनीने ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ या सूत्रात याच ‘आ’ची व्यवस्था लावली आहे. त्या चालीने ‘आसमंत’ म्हणजे ‘भोवतालच्या कडेपर्यंत’ असा अर्थ काढता येतो आणि तो ऐकायला वाईटही नाही. दुसरी शक्यता संस्कृत टीकाकारांच्या पद्धतीत आहे. एखाद्या शब्दातील ‘आ’ या उपसर्गाचा अर्थ सांगताना ते ठरलेल्या सूत्राने ‘आ समन्तात्’ असे लिहितात, म्हणजे ‘आ, अर्थात सर्व बाजूंनी’. आकाश या शब्दाची पारंपरिक फोडही ‘आ समन्तात् काशते’, चहूकडून प्रकाशते ते, अशीच केली जाते. पाठशाळेत संस्कृत शिकलेल्याच्या कानावर ही जोडी इतक्यांदा पडते की ‘आसमन्तात्’ हा एकच शब्द वाटू लागावा.

आता सुरुवातीला टिपलेली खूण बाहेर काढावी. संस्कृतात अकारान्त शब्दाची पंचमी ‘आत्’ अशी होते: रामात्, देवात्, समन्तात्. मराठीत सप्तमीचा प्रत्यय ‘त’ आहे आणि अकारान्त नामाच्या सामान्यरूपाला तो लागला की घरात, गावात, रानात अशी रूपे होतात. संस्कृताचा ‘आत्’ आणि मराठीचा ‘आत’ ऐकायला जवळजवळ सारखे, पण एकाचा अर्थ ‘कडून’ आणि दुसऱ्याचा ‘मध्ये’. ‘आसमंतात्’ हे ‘चहूबाजूंनी’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण मराठीत आले, पुढे त्याचा पाय मोडण्याचे राहून गेले, आणि ‘नाद आसमंतात घुमला’ हे वाक्य वाचणाऱ्याने ‘घरात’प्रमाणेच ते सोडवले. घरात म्हणजे घर या जागेत, तर आसमंतात म्हणजे आसमंत या जागेत. अशा रीतीने प्रत्यय काढून टाकून ‘आसमंत’ हे नाम उरले, असे मला या पुराव्यावरून वाटते. ‘दैवात’ या शब्दातही हाच दुहेरीपणा आहे: संस्कृत ‘दैवात्’ म्हणजे नशिबाने, तर ‘दैवात असेल ते घडेल’ यातील ‘दैवात’ म्हणजे नशिबामध्ये.

पहिल्या शक्यतेपेक्षा ही दुसरी शक्यता मला अधिक भक्कम वाटते, कारण ‘आसमंतात’ या रूपाचे वरचढ प्रमाण तिने उलगडते, पहिलीने उलगडत नाही. ज्याला हे पडताळायचे असेल त्याने एकोणिसाव्या शतकातील छापील मराठी गद्यात पाय मोडलेले रूप किती आणि ‘आसमंताला’, ‘आसमंताने’ यांसारखी रूपे किती, याची स्वतंत्र मोजणी करावी. कल्पना मांडल्यावर ती ज्या पुराव्याने कोसळू शकेल तोच पुरावा मुद्दाम शोधणे, ही या कामातील खरी शिस्त आहे.

ध्वनीची कसोटी

शब्द संस्कृत ग्रंथांतून थेट उचललेला आहे की प्राकृतातून बोलत बोलत मराठीत आला, हे ध्वनीवरून ओळखता येते. दोन स्वरांमधला ‘म’ प्राकृतातून मराठीत येताना पुष्कळदा ‘व’ होतो. ग्रामाचा गाव झाला, नामाचे नाव झाले, आमलकाचा आवळा, श्यामलाचा सावळा, पंचमाचा पाचवा, भ्रमराचा भोवरा. गांव, नांव यांवरचा जुना अनुस्वार ही त्या लोपलेल्या ‘म’चीच नाकातली आठवण होती. या नियमाने ‘सीमा’ची ‘शीव’ झाली. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवरच्या जागेचे शीव हे नाव आजही तेच सांगते.

हा नियम ‘आसमंत’ला लावून पाहावा. त्यातला ‘म’ जसाच्या तसा आहे. लोकांच्या तोंडून शतकानुशतके झिजत आला असता तर तो ‘व’ झाला असता. तो तसा झाला नाही, त्यावरून ‘आसमंत’ हा पंडितांच्या लेखणीतून मराठीत उतरलेला तत्सम शब्द आहे हे ठरते. गावाकडची माणसे रोजच्या बोलण्यात शिवार, आवार, पंचक्रोशी म्हणतात आणि ‘आसमंत’ मात्र भाषणात व लिहिण्यातच भेटतो, त्याचेही कारण हेच.

इथे थोडे वळण घेण्याचा मोह आवरत नाही, कारण त्याच कुळातला झिजलेला शब्द मराठीत खरोखरच आहे. ‘समन्त’पासून संस्कृतात ‘सामन्त’ झाला. सामन्त म्हणजे मूळचा शेजारी, लगतच्या जमिनीचा माणूस. शेत, विहीर, तळे, बाग आणि घर यांच्या हद्दीचा तंटा सामन्तांच्या साक्षीने सोडवावा, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. पुढे लगतच्या मुलखाचा राजा आणि मग मांडलिक असा त्याचा अर्थ सरकत गेला. तो शब्द मराठीत दोन वेळा आला: एकदा ग्रंथांतून ‘सामंत’ म्हणून आणि एकदा लोकांच्या तोंडून, ‘म’चा ‘व’ होऊन, ‘सावंत’ म्हणून. कोकणात आणि गोव्यात ही दोन्ही आडनावे नांदतात, आणि सावंतवाडीचे नाव तेथील सावंत घराण्यावरून पडलेले आहे. ‘आसमंत’ आणि ‘सावंत’ हे एकाच घरातले शब्द आहेत, हे ध्वनीचा एक साधा नियम हाती असल्याशिवाय कळले नसते.

सारख्या दिसणाऱ्या शब्दापासून सावध

‘आसमंत’ला आकाशाचा अर्थ चिकटण्यामागे ‘आसमान’ आहे, असे मानायला चांगली जागा आहे. ‘आसमान’ हा फारसी शब्द. मराठीत तो ‘अस्मान’ होऊन ‘अस्मान दाखवणे’ आणि ‘अस्मानी-सुलतानी’ अशा शब्दप्रयोगांत पक्का रुजला. अवर्षण, गारपीट हे अस्मानी संकट आणि राज्यकर्त्याचा जुलूम हे सुलतानी, ही जोडी शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी असल्याने ते एकच असावेत असे वाटते, पण नाते सिद्ध करायला सुरुवातीची अक्षरे जुळणे पुरत नाही. ‘मान’चा ‘मंत’ होण्याची वाट मराठीच्या कोणत्याही ध्वनिनियमात नाही. शिवाय ‘आसमान’चे खरे संस्कृत नातलग वेगळेच आहेत: प्राचीन इराणी भाषेतील ‘अस्मन्’ म्हणजे दगड आणि आकाशही, आणि त्याचा संस्कृत भाऊ ‘अश्मन्’ आपल्याला अश्मयुग आणि जीवाश्म या शब्दांतून परिचयाचा आहे. आकाश हा दगडी घुमट आहे, अशी ती जुनी कल्पना.

अशा जोडीची शंका आली की अदलाबदल करून पाहावी. ‘गडाच्या आसमंतातील वाड्या’ हे वाक्य चालते, ‘गडाच्या अस्मानातील वाड्या’ चालत नाही. ‘त्याला अस्मान दाखवले’ चालते, ‘त्याला आसमंत दाखवला’ म्हटले तर टेकडीवर नेऊन भोवतालचा मुलूख दाखवल्यासारखे होते. ज्या वाक्यांत दोन्ही शब्द बसतात ती वाक्ये निर्णयासाठी निरुपयोगी समजून बाजूला ठेवावीत.

शेजारचे शब्द

अर्थाची कड ठरवायची तर त्याच क्षेत्रातले इतर शब्दही ठेवून पाहावे लागतात. ‘परिसर’ म्हणजे मूळचा भोवती पसरलेला, ‘सृ’ धातूपासूनचा. अमरकोशात तो ‘पर्यन्तभूः परिसरः’ असा भूमीच्या वर्गात दिला आहे, म्हणजे तो जमिनीला घट्ट बांधलेला शब्द आहे. प्राथमिक शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ‘परिसर अभ्यास’ या विषयाचे नाव त्यामुळेच नेमके बसते. ‘भोवताल’ भ्रम या धातूच्या कुळातला, भोवरा आणि भोवळ यांचा सोबती. ‘आजूबाजू’तील ‘बाजू’ फारसी आहे, तिथे त्याचा अर्थ दंड, जो ‘बाजूबंद’मध्ये अजून जिवंत आहे, ‘आजू’ ही नुसती यमकाची जोड. ‘पर्यावरण’ आणि ‘वातावरण’ हे ‘आवरण’ जोडून घडवलेले शास्त्रीय शब्द, त्यांत कशाने तरी वेढले जाण्याची कल्पना मुख्य आहे. ‘पंचक्रोशी’त अंतर मोजलेले आहे.

या सगळ्यांशेजारी ठेवल्यावर ‘आसमंत’चे वेगळेपण ध्यानात येते. त्याला ठरलेली हद्द नाही आणि तो केवळ जमिनीचा नाही. एका केंद्रापासून दिशा-दिशांना जेवढे पसरते तेवढे सगळे त्यात येते, मग त्यात खालची जमीन, मधली हवा आणि क्षितिजाला टेकलेले आकाशही आले. आतषबाजीने आसमंत उजळतो तो या अर्थाने. तिथे आकाश येते ते आसमंताचा एक भाग म्हणून. ‘आसमंतात ढग दाटले’ हे वाक्य बाजूला ठेवले होते, ते चहूकडून दाटणाऱ्या ढगांसाठी मान्य करावे, डोक्यावरच्या एका ढगासाठी करू नये. ‘पक्षी आसमंतात उंच झेपावला’ हे वाक्य मला पटत नाही, कारण उंची हा या शब्दाचा गुण नाही. तिथे आकाश, आभाळ किंवा अस्मान लिहावे. वापराने अर्थ बदलतात हे मान्य करूनही, ज्या भाषेत आभाळासाठी इतके शब्द आहेत तिने ‘चहूकडे’ सांगणारा हा एकमेव सुंदर शब्द आभाळाला देऊन टाकू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

शोध पुरा झाल्यावर त्याची नोंद लिहून ठेवावी. नोंदीत मूळ रूप, फोड, शब्द तत्सम की तद्भव, सर्वांत जुना सापडलेला उपयोग त्याच्या ग्रंथासह आणि सालासह, अर्थ कुठे सरकला ती जागा, आणि ज्या शब्दाशी गोंधळ होतो तो शब्द, एवढे असावे. जे कोशात वाचले ते आणि जे स्वतः अनुमानाने काढले ते दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावे, म्हणजे पुढे एखादे जुने हस्तलिखित किंवा छापील पुस्तक हाती लागून वेगळे रूप सापडले, तर अनुमानाचा परिच्छेद तेवढा नव्याने लिहिता येतो.